सॉफ्टवेअर विकणाऱ्यांची भाऊबंदकी

2000 साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सीबेल सिस्टिम्सचं ग्राहक संमेलन भरलं होतं. सीबेल म्हणजे त्या काळातली सीआरएममधली दादा कंपनी. कोणत्या ग्राहकाला कोणी फोन केला, काय दर सांगितला, सौदा कुठवर आला, याची कंपनीभर एकच वही ठेवणारं सॉफ्टवेअर म्हणजे सीआरएम. संमेलनाला येणाऱ्यांना दारातच एक मोर्चा दिसला. हातात फलक, तोंडी घोषणा: सॉफ्टवेअरचे दिवस संपले! एका टीव्ही चॅनेलचा बातमीदार माइक घेऊन आंदोलकांच्या मुलाखतीही घेत होता.

आंदोलक भाड्याने आणलेले नट होते. चॅनेलही खोटं होतं. हा तमाशा उभा केला होता सेल्सफोर्स नावाच्या, नुकत्याच सुरू झालेल्या कंपनीने. आणि ती कंपनी विकत काय होती? सॉफ्टवेअरच. फक्त ते ग्राहकाच्या यंत्रावर बसवण्याऐवजी इंटरनेटवरून द्यायची. संस्थापक मार्क बेनिऑफ यांनी ही गोष्ट कधी लपवली नाही, उलट अभिमानाने लिहून ठेवली. पुढे सीबेलचा कार्यक्रम फ्रान्समध्ये कान शहरात होता, तेव्हा त्यांनी नीस विमानतळावरच्या टॅक्स्या भाड्याने घेतल्या आणि सीबेलच्याच पाहुण्यांना वाटभर सेल्सफोर्सची माहिती ऐकवली.

ऐकायला गंमत वाटते. मलाही वाटते. पण पगार, हिशेब आणि ग्राहकांच्या याद्या सांभाळणारी रुक्ष सॉफ्टवेअरं विकणाऱ्या कंपन्या इतक्या खालच्या पट्टीत का भांडतात, हे समजून घ्यायचं तर या धंद्यात खरेदी कशी होते ते आधी बघावं लागतं.

साधी वस्तू घेताना पैसे देणारा आणि वापरणारा बहुधा एकच असतो. बूट चावला तर ज्याने घेतला त्याच्याच टाचेला फोड येतो. धंद्याच्या सॉफ्टवेअरचं तसं नाही. पगाराचं सॉफ्टवेअर पसंत करतो वित्त विभागाचा प्रमुख, करार वाचतो वकील, आणि महिनाअखेरीला रात्री उशिरापर्यंत त्याच्याशी झुंजतो तो एचआरमधला एखादा ज्युनियर. त्याला डेमोच्या वेळी कोणी बोलावलेलंच नसतं. बोलावलं असतं तरी फारसा फरक पडला नसता म्हणा, कारण डेमोतली कंपनी फार गुणी असते. तिथे कोणाची बढती महिन्याच्या मधेच होत नाही, कोणाची रजा उणे जात नाही, एकाच नावाचे दोन कर्मचारी नसतात. खऱ्या कंपनीचा पसारा सॉफ्टवेअरला पेलतो का, हे ते बसवून चार-सहा महिने झाल्यावरच कळतं. आणि तोवर सगळ्या नोंदी, मंजुऱ्यांच्या साखळ्या, रिपोर्ट त्याच्यात जाऊन बसलेले असतात. ते उपटून दुसरीकडे न्यायचं म्हणजे भरल्या घराचं छप्पर उतरवण्यासारखं काम.

म्हणजे सही होईपर्यंत वस्तू कशी आहे ते कळत नाही, आणि सहीनंतर कळून उपयोग नसतो. मग सगळी लढाई सहीआधीच्या काही आठवड्यांत लढली जाते आणि त्या आठवड्यांत शब्दांखेरीज कोणाकडेच काही नसतं. खोट्याला इतकी सुपीक जमीन दुसरीकडे क्वचितच मिळेल.

या खोट्याचा सर्वांत जुना प्रकार म्हणजे भीती घालणं. जीन अ‍ॅमडाल हे आयबीएमचे नामांकित संगणक रचनाकार. 1970 मध्ये ते बाहेर पडले आणि आयबीएमच्याच यंत्रांना पर्याय ठरेल असा संगणक बनवू लागले. त्यांच्या ग्राहकांना आयबीएमचे विक्रेते काय सांगत, याला त्यांनी तीन शब्दांचं नाव दिलं: भीती, अनिश्चितता, शंका. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून ते ‘फड’ म्हणून आजही या धंद्यात रोज वापरलं जातं. यात सरळ खोटं बोलावं लागत नाही हीच तर खुबी. ‘ती कंपनी चांगलीच आहे हो, पण तीन वर्षांनी असेल का?’ एवढं पुरतं. निर्णय घेणाऱ्याला नोकरी प्यारी असते. स्वस्त आणि चांगली वस्तू निवडून फसण्यापेक्षा महाग आणि नावाजलेली वस्तू निवडून फसणं त्याला परवडतं.

कधी हीच शंका सॉफ्टवेअरच्या आतच पेरली जाते. 1991 च्या अखेरीला मायक्रोसॉफ्टने विंडोज 3.1 ची चाचणी आवृत्ती काढली. तेव्हाचं विंडोज डॉस नावाच्या मूळ प्रणालीवर चालायचं. ही आवृत्ती मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉसऐवजी प्रतिस्पर्धी डीआर-डॉसवर चालवली की पडद्यावर एक गूढ त्रुटी-संदेश उमटायचा. मोडत काही नव्हतं. संदेश दाखवणारा कोड मुद्दाम वेटोळं घालून, सहज वाचता येऊ नये असा लिहिलेला होता. अंतिम आवृत्तीत तो निजवून ठेवला, काढला मात्र नाही. पुढे डीआर-डॉसची मालकी घेतलेल्या कॅल्डेरा कंपनीने खटला भरला, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचं ईमेल बाहेर आलं. वापरणाऱ्याला अस्वस्थ वाटावं, काही बिघडलं की संशय डीआर-डॉसवर जावा आणि त्याने जाऊन एमएस-डॉस घ्यावं, असा हेतू त्यात सरळ लिहिलेला होता. 2000 च्या जानेवारीत तडजोड झाली. मायक्रोसॉफ्टने 28 कोटी डॉलर मोजले हे लोकांना कळायला आणखी नऊ वर्षं लागली.

भीतीपेक्षा मला जास्त रंजक वाटतं ते आकड्यांचं खोटं, कारण ते शास्त्राचा झगा घालून येतं. डेटाबेस म्हणजे नोंदी साठवून हवी ती शोधून देणारं सॉफ्टवेअर. ‘आमचा डेटाबेस त्यांच्यापेक्षा चौपट वेगवान’ असं वाक्य आणि शेजारी दोन खांब, एक उंच, एक बुटका. यामागे असतो बेंचमार्क, म्हणजे ठरावीक कामं देऊन घड्याळ लावणं. पण कामं कोणती, यंत्र कोणतं, आणि समोरच्याच्या सॉफ्टवेअरची जुळणी कोणी केली? घोडा आपला, शर्यत आपली आणि मैदानही आपणच आखलेलं, तर कोण जिंकणार?

विस्कॉन्सिन विद्यापीठातले प्राध्यापक डेव्हिड डेविट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारातले डेटाबेस एकाच मापाने तपासले आणि निकाल नावानिशी छापले. ओरॅकलची कामगिरी वाईट निघाली. डेविट यांच्या सांगण्यानुसार, ओरॅकलचे प्रमुख लॅरी एलिसन यांनी थेट त्यांच्या विभागप्रमुखांना फोन करून या माणसाला काढून टाका असं सुनावलं. प्राध्यापकांची नोकरी राहिली. ओरॅकलने मग दुसरी वाट धरली: आमच्या परवानगीशिवाय कामगिरीचे निकाल प्रसिद्ध करायचे नाहीत, असं कलम लायसन्समध्येच घातलं. इतर कंपन्यांनाही ते फार आवडलं. आज ते ‘डेविट कलम’ म्हणूनच ओळखलं जातं. म्हणजे ज्याने उघडपणे मोजलं त्याचं नाव मोजायला बंदी घालणाऱ्या कलमाला चिकटलं.

त्याचा परिणाम असा, की स्वतःच्या पैशाने घेतलेलं सॉफ्टवेअर तुम्ही मोजू शकता, पण ते किती हळू चालतं हे चारचौघांत सांगू शकत नाही. विकणारा मात्र स्वतःचा वेग हवा तेवढा मिरवू शकतो.

या आकडेबाजीला शिस्त लावायला 1988 मध्ये कंपन्यांनीच मिळून टीपीसी नावाची परिषद काढली. नियम ठरले, लेखापरीक्षक आले. लगेच नियमांतून वाटा काढणंही आलं. 1993 मध्ये स्टँडिश ग्रुप या सल्लागार संस्थेने आरोप केला की ओरॅकलने केवळ परीक्षेत गुण मिळावेत म्हणून सॉफ्टवेअरमध्ये एक खास सोय घातली आहे, खऱ्या वापरात तिचा काही उपयोग नाही. परिषदेने मग अशा निव्वळ परीक्षेपुरत्या सोयींवर बंदी घातली. 2009 मध्ये निकाल अधिकृतपणे दाखल होण्याआधीच आयबीएमपेक्षा वेगवान असल्याची जाहिरात केली म्हणून ओरॅकलला दंड झाला. किती? 10 हजार डॉलर. पानभर जाहिरातीचा खर्च याच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे हा दंड कोणाला किती झोंबला असेल ते सांगायला नको.

2021 मध्ये डेटाब्रिक्स आणि स्नोफ्लेक या डेटा साठवण्याची सॉफ्टवेअरं विकणाऱ्या कंपन्यांची अशीच जुंपली. डेटाब्रिक्सने विक्रमी निकाल जाहीर करून स्नोफ्लेकशी तुलना मांडली, स्नोफ्लेकने आपल्या सॉफ्टवेअरची चाचणी नीट केलीच नाही असं म्हणत स्वतःचे आकडे काढले. कोणाचे खरे यावर दोन्हीकडचे इंजिनिअर आठवडेभर हमरीतुमरीवर आले होते. पण या भांडणातून एक बरी गोष्ट निघाली: दोन्ही कंपन्यांनी आपापल्या करारातलं डेविट कलम सैल केलं. आपल्याला समोरच्याचे आकडे छापायचे असतील तर त्यालाही आपले छापू द्यावे लागतात.

परीक्षण देणाऱ्या साइट आणि तुलनेची पानं यांबद्दल थोडक्यातच सांगतो. ‘अमुक विरुद्ध तमुक’ असं शोधलं की वर येणारं पान बऱ्याचदा त्या दोघांतल्याच एकाने लिहिलेलं असतं. परीक्षण लिहिणाऱ्याला गिफ्ट कार्ड मिळतं आणि ते लिहायला सांगताना कंपनी खूश ग्राहकच निवडते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2024 मध्ये खोटी परीक्षणं, विकत घेतलेली स्तुती किंवा निंदा, आणि स्वतःच चालवून वर स्वतंत्र म्हणून मिरवलेल्या परीक्षण-साइट यांवर बंदीचा नियम काढला. दर उल्लंघनामागे दंड 50 हजार डॉलरहून जास्त होऊ शकतो. विश्लेषक कंपन्या एका क्षेत्रातल्या सगळ्या विक्रेत्यांना चौकोनात वर-खाली मांडतात, ते चौकोनी तक्ते हा आणखी वेगळा प्रकार. झेडएल टेक्नॉलॉजीज या छोट्या कंपनीने 2009 मध्ये गार्टनर या विश्लेषक कंपनीवर खटला भरला: तुमच्या तक्त्यात आम्हाला मुद्दाम खाली बसवलं. तो तक्ता म्हणजे मत आहे, तपासून बघता येईल असं तथ्य नव्हे, या मुद्द्यावर न्यायालयाने खटला फेटाळला. कोट्यवधींची खरेदी ज्या तक्त्याकडे बोट दाखवून मंजूर होते तो तक्ता न्यायालयात ‘मत’ ठरतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता आत वळू. बाहेर सांगितलेलं खोटं बाहेरच राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण बाजारात मोठा आकडा सांगितला की तो कोणीतरी आणून द्यावा लागतो, तोही तिमाही संपायच्या आत. सॉफ्टवेअर कंपनीच्या सेल्समनचं वर्षाचं टार्गेट चार तुकड्यांत कापलेलं असतं आणि पगाराचा मोठा भाग त्याला बांधलेला असतो. खरेदीदारांनाही हे ठाऊक असतं, म्हणून तेही मुद्दाम शेवटच्या आठवड्यापर्यंत ताणतात. मग शेवटच्या तीन दिवसांत काय होत असेल?

कॉम्प्युटर असोसिएट्स या कंपनीत काय होत होतं ते सरकारी वकिलांनी न्यायालयात मांडलं. तिथे महिना 35 दिवसांचा असायचा. तिमाही संपली तरी हिशेबाची वही चार-पाच दिवस उघडी ठेवायची, त्या दिवसांत झालेल्या करारांवर मागची तारीख टाकायची आणि आकडा पुरा करायचा. अशा रीतीने 2.2 अब्ज डॉलरचं उत्पन्न वेळेआधी दाखवलं गेलं. कंपनीचे प्रमुख संजय कुमार यांनी गुन्हा कबूल केला आणि 2006 मध्ये त्यांना बारा वर्षांची शिक्षा झाली. मागची तारीख टाकायला प्रमुख स्वतः बसत नाही. वहीवाला असतो, वकील असतो, सेल्सचा माणूस असतो, आणि त्यातल्या प्रत्येकाला पहिल्यांदा तसं करताना क्षणभर का होईना, हात आखडावासा वाटला असेल. ऑफिसचं वातावरण विषारी झालं असं आपण ढोबळपणे म्हणतो, तेव्हा त्यात आरडाओरडा असेल, अपमान असेल. पण ‘इथे सगळे असंच करतात’ हे वाक्य जिथे शांतपणे उच्चारलं जातं ते ऑफिस मला जास्त विषारी वाटतं.

इन्फॉर्मिक्सची गोष्ट तर बाहेरचं आणि आतलं अशी दोन्ही टोकं जोडून दाखवते. डेटाबेसच्या धंद्यात ती ओरॅकलच्या मागोमाग होती. 1997 मध्ये तिने ओरॅकलच्या मुख्यालयाजवळ हमरस्त्यावर एक होर्डिंग लावलं: सावधान, इथे डायनासोर रस्ता ओलांडतात. ओरॅकल म्हणजे नामशेष होणारं जनावर, असा टोला. त्याच वर्षी इन्फॉर्मिक्सचे आकडे कोसळले आणि आधीच्या तीन वर्षांचं उत्पन्न फुगवल्याचं मान्य करून हिशेब नव्याने मांडावे लागले. झालं होतं असं, की वितरकांच्या गळ्यात लायसन्सं मारून ती विकली गेली असं दाखवलं जात होतं. बाजूला एक खासगी चिठ्ठी असायची, की माल खपला नाही तर पैसे देऊ नका. करार कागदोपत्री पक्का, चिठ्ठीत रद्द. प्रमुख फिल व्हाइट यांनी पुढे गुन्हा कबूल केला, 2004 मध्ये त्यांना दोन महिन्यांची कैद झाली. डेटाबेसचा धंदा 2001 मध्येच आयबीएमने विकत घेतला होता. आणि डायनासोर म्हणवलेली ओरॅकल? तीही 1990 मध्ये याच खड्ड्यात पडून आलेली होती. उत्पन्नाची घाईने नोंद, मग तोटा, मग दर दहातला एक कर्मचारी घरी.

अलीकडची झेनेफिट्स घ्या. छोट्या कंपन्यांना एचआरचं सॉफ्टवेअर फुकट द्यायचं आणि आरोग्य विम्याच्या दलालीवर कमवायचं, ही तिची युक्ती. 2013 मध्ये सुरू झाली, दोन वर्षांत मूल्यांकन साडेचार अब्ज डॉलर. इतक्या वेगाने वाढायचं तर विमा विकणारी माणसं पटापट हवीत. कॅलिफोर्नियात त्यासाठी तेव्हा 52 तासांचं ऑनलाइन प्रशिक्षण लागायचं. कंपनीत एक छोटा प्रोग्राम फिरू लागला, जो माणूस समोर नसतानाही प्रशिक्षणाचं घड्याळ चालू ठेवायचा. 2016 मध्ये हे उघडकीला आलं आणि संस्थापक पार्कर कॉनराड पायउतार झाले. त्यानंतर ऑफिसात दारूवर बंदी आली, आणि जिन्यांमध्ये काय करू नये याची सूचना निघाली ती जगभर छापून आली.

कॉनराड यांनी नंतर त्याच क्षेत्रात रिपलिंग काढली. 2019 मध्ये रिपलिंगने प्रतिस्पर्धी गस्टोला चिमटा काढणारं होर्डिंग लावलं. गस्टोच्या वकिलांची नोटीस आली, तिला रिपलिंगने चक्क पद्यात उत्तर दिलं. 2025 मध्ये मात्र प्रकरण पद्यावर थांबलं नाही. डील या प्रतिस्पर्ध्याने आमच्या डब्लिनच्या ऑफिसात हेर ठेवला, असा दावा रिपलिंगने न्यायालयात केला. तो पकडायला म्हणे सापळा लावला: अस्तित्वात असूनही वापरात नसलेल्या एका चॅट-चॅनेलचं नाव फक्त डीलच्या वरच्या लोकांना पत्रातून कळवलं, आणि काही तासांत संशयित कर्मचारी नेमका तोच चॅनेल शोधू लागला. फोन ताब्यात घ्यायला न्यायालयाचा आदेश आला तेव्हा तो शौचालयात जाऊन बसला. नंतर त्यानेच प्रतिज्ञापत्रात पैसे घेतल्याचं आणि फोन कुऱ्हाडीने फोडल्याचं सांगितलं. डीलने आरोप नाकारले आणि हेरगिरी तर रिपलिंगच करते असा उलटा दावा ठोकला.

हे सगळं नवं वाटतं, पण नाही. 2000 मध्ये ओरॅकलने नेमलेल्या गुप्तहेरांनी मायक्रोसॉफ्टच्या बाजूने बोलणाऱ्या संस्थांचा कचरा मिळवायचा प्रयत्न केला होता. पत्रकारांनी विचारल्यावर एलिसन यांनी ते सार्वजनिक हिताचं काम ठरवलं आणि हवं तर आमचा कचरा मायक्रोसॉफ्टकडे पाठवतो, असंही सुनावलं. पुढे ओरॅकलच फिर्यादी झाली. सॅप या प्रतिस्पर्धी जर्मन कंपनीच्या टुमॉरोनाऊ या उपकंपनीने ओरॅकलच्या सपोर्ट साइटवरून ग्राहकांच्या लॉगिनने हजारो फाइली उतरवून घेतल्या होत्या. 2010 मध्ये ज्युरीने 1.3 अब्ज डॉलरची भरपाई सांगितली. ती घटत घटत 2014 मध्ये सुमारे 36 कोटींवर मिटली.

नावं पुन्हा पुन्हा तीच येतात हे एव्हाना लक्षात आलं असेल. टॉम सीबेल ओरॅकलमधून बाहेर पडलेले. बेनिऑफ ओरॅकलमध्ये तेरा वर्षं होते, आणि सेल्सफोर्सला सुरुवातीला पैसे देणाऱ्यांत एलिसन स्वतः होते. ओरॅकलने 2003 मध्ये जिच्यावर बळजबरीच्या खरेदीची बोली लावली त्या पीपलसॉफ्ट या एचआर आणि हिशेबाची सॉफ्टवेअरं विकणाऱ्या कंपनीचे प्रमुख क्रेग कॉनवे हेही जुने ओरॅकलवालेच. ती बोली हाच एक भीतीचा प्रयोग होता. तुमचं सॉफ्टवेअर आम्ही नव्या ग्राहकांना विकणार नाही, असं ओरॅकलने आधीच जाहीर केल्यावर पीपलसॉफ्टकडून नवं कोण घेईल? उतारा म्हणून पीपलसॉफ्टने ग्राहकांना लिहून दिलं, की कंपनी विकली गेली आणि सपोर्ट आटला तर लायसन्सच्या किमतीच्या दुपटीपासून पाचपटीपर्यंत पैसे परत. दीड वर्षाच्या या झुंजीत दोन्ही प्रमुखांनी कुत्र्याला गोळी घालण्यापर्यंतचे विनोद जाहीरपणे केले. 2004 च्या अखेरीला ओरॅकलने 10.3 अब्ज डॉलरला कंपनी घेतली आणि काही आठवड्यांत सुमारे 5,000 लोकांना घरी पाठवलं. भारतातही झोहोतून बाहेर पडलेल्या गिरीश मातृभूतम यांनी फ्रेशडेस्क काढली, पुढे तिची फ्रेशवर्क्स झाली, आणि 2020 मध्ये झोहोने तिच्यावर गोपनीय माहिती चोरल्याचा दावा अमेरिकेत लावला. 2021 मध्ये तो मिटला.

परक्यांच्या भांडणात इतका तपशील नसतो. समोरच्याचा सेल्समन कोणत्या तारखेला कासावीस होतो, त्याचा कोणता दावा पोकळ आहे, कोणता ग्राहक नाराज आहे, हे त्या घरात राहिलेल्यालाच ठाऊक असतं. भाऊबंदकीत बांधाची प्रत्येक काठी पाठ असते तसं.

कायदा यात मर्यादित मदत करतो. ‘जगातलं सर्वोत्तम’ ही बढाई मानली जाते, तिच्यावर खटला उभा राहत नाही. ‘चौपट वेगवान’ हा दावा तपासता येतो, तिथे राहू शकतो. पण खटला लढतो प्रतिस्पर्धी, स्वतःच्या नुकसानीसाठी. फसलेल्या ग्राहकाला बहुधा करारातच बांधलेलं असतं: सहीआधी तोंडी जे काही सांगितलं ते धरायचं नाही, जे लिहिलंय तेवढंच खरं, असं एक कलम शेवटच्या पानांवर असतं. ते आधी वाचावं. सेल्समन म्हणाला ‘पुढच्या आवृत्तीत ही सोय येतेय’, तर तारखेसकट करारात लिहून मागावी. बाहेर पडताना आपला डेटा कोणत्या स्वरूपात आणि किती पैशांत परत मिळेल, हेही लिहून घ्यावं. डेमो स्वतःच्या, घाणेरड्या डेटावर मागावा, आणि तो ज्युनियर त्या खोलीत असावा.

विक्रेता तुम्हाला तीन खूश ग्राहकांचे नंबर देईल. सोडून गेलेल्या एकाचा मागा. तो मिळणार नाही, पण शोधता येतो: कंपनीच्या वेबसाइटवर ग्राहकांच्या लोगोंची एक रांग असते, आणि इंटरनेट आर्काइव्हवर त्याच पानाची दोन-तीन वर्षांपूर्वीची प्रत बहुधा सापडते. दोन्ही शेजारी लावायची आणि कोणता लोगो गळालाय ते बघायचं. मग त्या कंपनीत फोन लावून वित्तप्रमुखाला नाही, एचआरमधल्या त्या ज्युनियरला मागायचं.